तात

अकोल्याच्या मशीनने काढलेला माझा फोटो
मी दाराच्या उजेडात धरला.
काळ्यावर पांढरे मणके,
आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
खोळीची शिवण उसवून बाहेर डोकावणारा
एवढासा कापूस.

"गादी सरकली," डॉक्टर म्हणाले.
जुलेखा ओढणीत तोंड लपवून हसली.
तीन पिढ्या गाद्या भरल्या या घराने,
आणि ही एकच,
जिच्यापर्यंत माझा दाभण पोचत नाही.

अब्बांची पिंजण भिंतीवर टांगलेली,
मशीन आल्यापासून मुकी.
तिची तात आता माझ्या पायात ताणली आहे:
कुल्ल्यापासून मांडीच्या मागून,
पोटरीच्या बाहेरून, घोट्यावरून
थेट अंगठ्यापर्यंत.
शिंक आली की कोणीतरी मुठिया हाणतं.
आणि पिंजाऱ्याला शिंक येणारच,
आमची हवाच कापसाची.

बाजारात एकदा चप्पल निसटली,
वीस पावलं मला कळलंच नाही.
मागून देविदास तायडे ओरडला,
"चाचा, चप्पल ठेवून कुठी चालले?"

त्याचीच नात पायाळू. सहावीत.
पायाळूची लाथ बसली की उसण पळते,
असं सगळं गाव म्हणतं, म्हणून ओट्यावर पालथा झालो.
पोरगी आधी माझ्या पाया पडली,
मग मांजर दूध चाखते तेवढी लाथ मारली.
"दुखलं का हो, चाचा?"
"नाई वो माय."
रात्रभर पाय पेटलेला होता.
त्यात तिचा काही दोष नाही.

मूर्तिजापूरच्या बोदडे मॅडम माझ्या धाकटीच्या वयाच्या.
म्हणाल्या, पालथे झोपा, कोपरांवर उठा,
दहा वेळा, दिवसातून सहादा.
"पायातलं कमी होऊन कमरेत वाढलं
तर घाबरू नका. दुखणं घरी परततंय."
छप्पन वर्षांत असा हिशेब मी ऐकला नव्हता.
"आणि तो बाहेर आलेला कापूस? तो कोण शिवणार?"
"कोणी नाही. बरेचदा जिरतो आपला आपण."
कापूस जिरतो, हे पिंजाऱ्याला सांगता, मॅडम?
हे मी मनात म्हटलं.

वेचणीची दुसरी खेप घरात आली
तेव्हा अंगठ्याची आग घोट्यावर चढली.
हरभऱ्याला घाटे धरले, पोटरी मोकळी झाली.
मग मी शहाणपणा केला.
हिवरखेडच्या लग्नाच्या अकरा गाद्या अडल्या होत्या,
एक गाठोडं उचललं, एकच,
आणि तात पुन्हा अंगठ्यापर्यंत झणाणली.
एकोणीस दिवस.
निजायला फरशी आणि सतरंजी,
नमाजाला प्लास्टिकची खुर्ची.
अल्लाहसमोर खुर्चीवर बसायची लाज
कोणत्या फोटोत दिसते?

अकराच्या अकरा जुलेखाने भरल्या.
मी फरशीवर कोपरांवर उठून पाहायचो.
"डाव्या कोपऱ्यात कमी पडला."
"तुम्ही तुमची गादी पाहा."
डाव्या कोपऱ्यात खरंच कमी होता.
तिने नंतर, मी डोळे मिटल्यावर, घातला.

आता रोज कॅनॉलपर्यंत जातो आणि येतो.
कमरेत एक बोटभर जागा सकाळी कुरकुरते,
तिला मी म्हणतो, बस घरीच.

काल मशीनजवळ उभा होतो.
उन्हाच्या पट्ट्यात तंतू उडत होते,
नाकात हुळहुळलं.
जुलेखाचा हात तसाच थांबला,
मी भिंत धरली,
शिंकलो.

दोघंही वाट पाहत राहिलो.
पायात काहीच वाजलं नाही.
तिने बटण दाबलं, मशीन पुन्हा घरघरलं,
आणि मी वाकून नाही,
गुडघ्यात बसून
खाली पडलेला दाभण उचलला.

अंगठा अजून बधिर आहे.
चप्पल घातल्यावर मी खाली पाहून घेतो.